नर्मदाबाई चुरी, वय वर्षे सोळा

भुईगावच्या नर्मदाबाई चुरी यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढण्यात आला, आणि त्यापुढे जे काही झालं ते सगळं नियमाला धरून झालं.

डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर टीव्ही नाही, धूर नाही आणि वाकणं नाही. वाकायचं नाही हे त्यांनी उगाच सांगितलं, नर्मदाबाई जन्मात कुणापुढे वाकल्या नव्हत्या. धूर घरात गॅस आल्यापासून नव्हताच. राहता राहिला टीव्ही. आता सासू टीव्हीपुढून उठणार आणि महिनाभर स्वयंपाकघरात आपल्या पाठीशी उभी राहणार, हे सून वसुंधराच्या ध्यानात आलं तेव्हा तिच्या हातातली पळी थांबली. तिने लेकीला हाक मारली.

"अनुष्का, आजीच्या कानाला काहीतरी लाव. आत्ताच्या आत्ता."

अनुष्का सोळा वर्षांची. तिच्या कॉलेजात मागे एकदा किनारपट्टी किशोर श्रवण प्रोत्साहन मंडळाची माणसं आली होती. हल्लीची मुलं पुस्तकं वाचत नाहीत तर निदान ऐकू देत, या तळमळीने मंडळाने तेरा ते एकोणीस वयाच्या प्रत्येकाला एकेक कार्ड वाटलं. त्यावरचा नंबर मोबाइलमध्ये टाकला की गोष्टींची पुस्तकं फुकट ऐकायला मिळायची. मुलांनी कार्डं घेतली, मंडळाने फोटो घेतले आणि दोन्ही पक्ष समाधानाने घरी गेले. अनुष्काने आपलं कार्ड मोबाइलच्या कव्हरात घातलं होतं, कारण त्यामुळे कव्हर घट्ट बसायचं.

ते तिने बाहेर काढलं, नंबर टाकला आणि यादीत सगळ्यात वर जे होतं ते लावून दिलं. 'नऊ चंद्रांची राखणदार', भाग पहिला. आजीला काय आवडेल हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर आजीने नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही.

नर्मदाबाई त्या वेळी वाडीतल्या मांडवावर सुकेळी उलटत होत्या. राजेळी केळी सोलायची, उन्हात पसरायची, रोज हलक्या हाताने उलटायची, संध्याकाळी आत घ्यायची आणि मधाच्या रंगावर आली की सुक्या पानात बांधायची. हे काम हातांचं असतं, डोकं मोकळं राहतं. मोकळ्या डोक्याने नर्मदाबाई इतकी वर्षं सुनेच्या चुका आठवत आल्या होत्या. आता त्या डोक्यात एक अनाथ पोरगी येऊन बसली.

पोरीचं नाव तेजा. वय सोळा. ती राहते त्या ग्रहाला नऊ चंद्र, आणि राखाडी सम्राट नावाचा इसम ते एकामागून एक खात सुटलेला. तेजाकडे लोखंडी पंखांचा एक ड्रॅगन, तो आगही ओकायचा आणि रस्ताही सांगायचा. शिवाय तिच्या मागे दोन तरुण लागलेले, एक मीरव आणि एक अग्नेय.

शेजारची ॲंजेला डाबरे चर्चमधली सकाळची मिसा आटोपून रोज कुंपणाशी यायची. वसईच्या वाड्यांत कुंपण हे दोन घरांनी बोलावं म्हणूनच घालतात.

"तोंड का असं केलंस, बाय?" ॲंजेलाने विचारलं. "कोण गेलं?"

"गेलं कुणी नाही. सम्राटाने चौथा चंद्र खाल्ला."

"अख्खा?"

"अख्खा. वर पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही मेल्याने."

ॲंजेला स्टूल घेऊन आली ती रोजचीच आली. दोघी मिळून ऐकू लागल्या. वसुंधराने एकदा आतून सांगून बघितलं, "आई, आवाज जरा कमी करा." रमेश, म्हणजे नर्मदाबाईंचा थोरला, पतपेढीतून आल्यावर म्हणाला, "काय हे पोरखेळ चाललेत." नर्मदाबाईंनी आवाज वाढवला.

त्या नुसत्या ऐकत नसत, कारभार बघत. ड्रॅगनच्या पंखाला गंज धरला तर खोबरेल चोळ, असं त्या मोबाइलला सांगत. मीरव आणि अग्नेय या दोघांनाही त्यांनी पसंत केलं नव्हतं. "ग्रह बुडायला आलाय आणि हे दोघे तिच्या डोळ्यांत बघत बसलेत. एकाला कामधंदा नाही, दुसऱ्याला घरदार नाही. बापाने विचारलं असतं, पण तिला बाप नाही ना." आपलं स्थळ बघायला कुणी नसलेल्या पोरीची काळजी त्यांना खरोखरच लागली. पानं बांधता बांधता त्यांचा हात मध्येच थांबायचा आणि त्या ॲंजेलाला म्हणायच्या, "एकटी आहे गं ती."

महिना संपला. डोळा बरा झाला, टीव्हीला परवानगी मिळाली. नर्मदाबाईंनी टीव्हीकडे ढुंकून पाहिलं नाही.

सहाव्या भागाच्या शेवटी तेजा सम्राटाच्या किल्ल्यात शिरली. ड्रॅगन बाहेर, दोन्ही तरुण बाहेर, ती एकटी आत. मागे दार बंद झालं आणि अंधारातून कुणीतरी मायेने म्हणालं, "ये बाळ. किती उशीर केलास." तिथे भाग संपला.

सातवा आणि शेवटचा भाग लागेना. मोबाइलवर नुसत्या ओळी उमटल्या. अनुष्काने वाचून दाखवल्या. "अंतिम भागासाठी श्रोत्याने माणिकपूर कार्यालयात समक्ष हजर राहावे व आधीचे भाग प्रत्यक्ष ऐकल्याची खात्री पटवावी. आपल्या उज्ज्वल भविष्यास शुभेच्छा."

"माझ्या भविष्याचं मी बघीन," नर्मदाबाई म्हणाल्या. "चप्पल घाल."

मंडळाचं कार्यालय एका केकच्या दुकानाच्या माडीवर होतं. त्यामुळे तिथला प्रत्येक कागद व्हॅनिलाचा वास घेऊन बाहेर पडायचा आणि कर्मचारी कायम आत्ताच खाऊन उठल्यासारखे प्रसन्न असायचे. प्रभारी अधिकारी भालचंद्र सोनटक्के विरारहून येत. त्यांच्या हाताखाली हेमांगी नावाची लिपिक. तिसरं माणूस नव्हतं, कारण दोघांना पुरेल इतकंही काम नव्हतं.

"कार्डधारक कोण?" सोनटक्के म्हणाले.

अनुष्का पुढे झाली.

"तेजाच्या ड्रॅगनचं नाव?"

अनुष्काने आजीकडे बघितलं.

"वज्रपंख," नर्मदाबाई म्हणाल्या. "डावा पंख अधू आहे त्याचा."

"उत्तर कार्डधारकाने द्यायचं असतं, आजीबाई. ऐकलंय कुणी?"

"मी."

"तुमचं वय?"

"सत्तरी आली."

"मग तुम्ही ऐकलेलं नाही."

नर्मदाबाईंनी चष्मा पुसून त्यांच्याकडे नीट बघितलं. "सहा भाग माझ्या कानांत गेलेत. ते काय मग?"

"ते असेल. पण योजना तेरा ते एकोणीसची आहे. त्याबाहेरच्या माणसाने ऐकलं तर ते ऐकणं अनधिकृत ठरतं."

हा शब्द ऐकून नर्मदाबाईंना उलट धीर आला. वसई-विरारमध्ये सगळं आयुष्य गेलेलं. अनधिकृत म्हटलेलं बांधकाम इथून कधी हलत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"असं करा," त्या म्हणाल्या, "वय हिचं घ्या, ऐकलेलं माझं घ्या, आणि दार उघडा."

"वय आणि ऐकणं दोन्ही एकाच देहात असावं लागतं," सोनटक्के खेदाने म्हणाले.

एवढ्यात हेमांगीने त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजून संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. सोनटक्क्यांचा चेहरा केकवरच्या क्रीमसारखा झाला. झालं होतं असं, की वसईपासून विरारपर्यंत वाटलेल्या सगळ्या कार्डांपैकी फक्त एकाच कार्डावर ऐकण्याची नोंद होती. त्या एका नोंदीच्या जोरावर सोनटक्क्यांनी वर कळवून टाकलं होतं की, किशोरवर्गात श्रवणाची लाट आलेली आहे. वरून शाबासकी आली होती. मंडळाचे अध्यक्ष लाट बघायला यायचे होते. आणि ती लाट आता समोरच्या खुर्चीत पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

सोनटक्के उठले. दार लावलं. हेमांगीला म्हणाले, "खालून मावा केक सांगा. आणि आजींना पंख्याखाली बसवा."

मग त्यांनी योजनेची गुळगुळीत पुस्तिका उघडली. तिच्या प्रस्तावनेत अध्यक्षांनी लिहिलं होतं, 'किशोरवय हे वय नसून मनाची एक अवस्था आहे.' अध्यक्ष स्वतः ऐंशीच्या पुढे होते, त्यांना असं वाटणं साहजिक होतं.

"नियम आतल्या पानावर आहेत," सोनटक्के म्हणाले, "प्रस्तावना त्यांच्या आधी येते. म्हणजे ती नियमांपेक्षा ज्येष्ठ ठरते. मी तुम्हाला मानद किशोर करून घेतो."

"त्याने दार उघडेल?"

"त्यानेच उघडेल."

"मग करा काय करायचं ते."

नवीन कार्ड छापून आलं. अनुष्काने मोठ्याने वाचलं, "कुमारी नर्मदा चुरी, वय सोळा."

"कुमारी?" नर्मदाबाईंचा केक हातातच राहिला. "चार बाळंतपणं झालीत माझी."

"ती मागच्या वयात. या वयात नाही. संगणकात किशोर मुलीपुढे दुसरं काही लावता येत नाही."

"आणि माझं काय?" अनुष्काने विचारलं.

"तू काहीच ऐकत नाहीस ना? मग तुला आम्ही प्रौढ धरतो."

आता कुमारी म्हटल्यावर पालकाची संमती आली. नर्मदाबाईंचे आईवडील केव्हाच गेलेले. तेव्हा जवळचा नातलग म्हणून रमेशला पतपेढीतून बोलावून घेण्यात आलं. रमेश पन्नाशीचा, केस विरळ झालेला माणूस. आईला कसलीही परवानगी देण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नव्हता. त्याला प्रथम कळलंच नाही. कळल्यावर मात्र तो हळूहळू खुर्चीत मागे रेलला, पायावर पाय टाकला आणि म्हणाला, "बघू. विचार करून सांगतो."

"रमेश," नर्मदाबाई म्हणाल्या.

एवढंच. त्याने सही केली. पण सही करताना त्याचा हात इतका हलला की अक्षरं ओळ सोडून खाली गेली. नियम स्पष्ट होता. पालकाची सही कापरी असेल तर पालक दबावाखाली आहे असं समजावं, आणि पालक दबावाखाली असेल तर मुलीच्या घरचं वातावरण समक्ष जाऊन तपासावं.

त्यासाठी मंडळाने रीमा नावाच्या समुपदेशक बाई पाठवल्या. बाई तरुण होत्या आणि त्यांच्या आवाजात साखर जरा जास्त पडली होती. त्यांना कार्ड वाचून माणसाशी बोलायला शिकवलेलं, माणूस बघून नव्हे.

"नर्मदा, बाळा," ओटीवर बसत त्या म्हणाल्या, "घरी कुणाची भीती वाटते का तुला?"

"मला?" नर्मदाबाई म्हणाल्या. "घरातल्यांना विचार."

"आम्हाला वाटते," वसुंधरा दाराआडून म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणीतरी विचारल्यासारखं झालं होतं. रीमाताईंनी ते लिहून घेतलं.

"मोठी झाल्यावर तुला काय व्हायचंय?"

"सासू. पण ते होऊन गेलं."

"मैत्रिणी आहेत का?"

कुंपणापलीकडून ॲंजेलाने मशेरीची बोटं पुसत हात वर केला. "मी आहे ना. आम्ही दोघी लहानपणापासून एकत्र."

"लहानपणापासून म्हणजे आत्तापासूनच," रीमाताई पुटपुटल्या आणि त्यांनी 'संगत चिंताजनक' असं लिहिलं. मग त्यांची नजर मांडवावर गेली. पिवळीधमक सुकेळी उन्हात तापत पडली होती.

"हे काम कोण करतं?"

"मीच. दुसऱ्याला जमतंय कुणाला."

"आणि शाळा?"

"दुसरीत असताना बापाने सोडवली. वाडीत लावलं."

रीमाताईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचे डोळे भरून आले. त्यांच्या नव्या नोकरीत हे पहिलंच खरं प्रकरण होतं. शाळा सुटलेली, उन्हात, उंचीवर, चिकट पदार्थांशी झुंजत काम करणारी सोळा वर्षांची मुलगी.

दोन दिवसांत आदेश आला. कुमारी नर्मदा हिने सुकेळ्यांना हात लावू नये. तसं होत असल्यास पालक श्री. रमेश जबाबदार धरले जातील. रमेशने तो आदेश मांडवाच्या खांबाला बांधला आणि संध्याकाळपर्यंत घरी आलाच नाही.

केळी उलटण्याचं काम वसुंधराकडे आलं. तिने ती एकदा उलटली आणि दुपारची झोप काढली. नर्मदाबाई ओटीवर हात मांडीखाली दाबून बसल्या होत्या. तिथून त्यांना वास कळत होता, कुठलं केळं आंबलं, कुठल्याला मुंग्या लागल्या. तिसऱ्या दिवशी मांडवावर एका बाजूला कोळसा होता आणि दुसऱ्या बाजूला शिरा.

"जाऊन कार्ड तोंडावर फेक त्यांच्या," ॲंजेला म्हणाली. "हो परत सत्तरीची. हात तरी सुटतील."

नर्मदाबाईंनी मांडवाकडे पाठ फिरवली. "केळी परत होतील, बाय. ती पोरगी आत आहे. दार बाहेरून बंद आहे. कार्ड फेकलं तर ती तिथेच राहील, माझ्या डोळ्यांपुढे, मरेपर्यंत."

ॲंजेलाने क्रूसाची खूण केली. ती त्या दिवसापासून तेजासाठी मेणबत्ती लावू लागली.

नर्मदाबाई माणिकपूरला गेल्या आणि सोनटक्क्यांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. तिथे रीमाताईही आल्या होत्या.

"कुमारी झाले," नर्मदाबाई म्हणाल्या. "लेकाच्या हाताखाली आले. केळी सोडली. आता उघडा."

"अगदी उघडणार होतो," सोनटक्के म्हणाले. "पण रीमाताईंनी एक मुद्दा काढलाय. या भागाचं नाव 'सम्राटाचा अंत'. म्हणजे सोळा वर्षांची मुलगी पालकांना न विचारता सरकारी इमारतीत शिरते आणि अधिकारावरच्या माणसाला हलवते. हे किशोरांच्या कानांवर घालायचं की नाही, हे आधी समितीने ठरवायला हवं."

"नेमा समिती."

"नेमली असती. पण समितीवर आधीचे सहाही भाग ऐकलेला एक तरी प्रौढ माणूस लागतो. आणि आमच्या नोंदीप्रमाणे या सगळ्या पट्ट्यात ते ऐकलेला प्रौढ माणूस एकच होता."

"कोण तो?"

सोनटक्क्यांनी पंख्याकडे बघितलं. "तुम्ही. पण तुम्ही आता सोळा वर्षांच्या आहात."

खालून केक भाजल्याचा वास येत होता. हेमांगीने मान खाली घातली. नर्मदाबाईंनी खुर्ची ओढली, पिशवी टेबलावर ठेवली आणि बसल्या.

"तुम्हीच का नाही ऐकत सहा भाग?"

"कार्यालयीन वेळेत?" सोनटक्के दचकले. "मग कामं कधी करायची?"

हेमांगीने कामं कुठे दिसतायत का म्हणून टेबलावर नजर फिरवली.

"मग मी सांगते," नर्मदाबाई म्हणाल्या. "सांगितलेलं चालतं का तुमच्यात?"

सोनटक्क्यांनी पुस्तिका चाळली. तोंडी सादरीकरण चालत होतं.

नर्मदाबाईंनी पदर खोचला आणि सांगायला घेतलं. पुस्तकात होतं तसं त्यांनी सांगितलं नाही, त्यांना दिसलं तसं सांगितलं. सम्राटाचा महाल त्यांनी बंदरावर नेऊन ठेवला. नऊ चंद्र असे टांगले की जणू मांडवावरचे केळीचे लोंगर. चंद्र खाताना सम्राट कसा मान तिरकी करतो, हे त्यांनी सोनटक्क्यांकडे बघून दाखवलं, तेव्हा सोनटक्क्यांनी हातातला केक हळूच खाली ठेवला. तेजा उपाशी झोपली तिथे त्या थांबल्या आणि नाक शिंकरलं. जेवणाची सुट्टी येऊन गेली. कुणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा सोनटक्के वेळेआधी हजर होते. नोकरीत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्या संध्याकाळी निघताना ते म्हणाले, "तिने त्या मीरवला नाही म्हणायला नको होतं."

"साहेब, तो खोटारडा आहे," हेमांगी म्हणाली. तिने आजवर साहेबांचं एकही वाक्य खोडलं नव्हतं.

"पण त्याने तिच्यासाठी आपला जहाजाचा परवाना सोडला."

"तो बनावट होता. आजींनी कालच सांगितलं. तुमचं लक्ष नव्हतं."

"मुलांनो, भांडू नका," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि तिथे बसलेल्यांत सोळा वर्षांचं कोण हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

अखेर एका दुपारी किल्ला आला. ड्रॅगन बाहेर राहिला. तेजा आत गेली. मागे दार लागलं. नर्मदाबाईंनी आवाज अगदी खाली आणला. "आणि काळोखातून कुणीतरी मायेने म्हणालं, ये बाळ. किती उशीर केलास."

मग त्यांनी पिशवी उचलली आणि उठल्या.

"मग?" सोनटक्के म्हणाले.

"मग काय. इथवरच उघडलंय तुम्ही."

"कोण होतं ते आत?" रीमाताईंचा आवाज चिरकला.

"मला तरी कुठे ठाऊक. समिती सांगेल."

समिती तेवढ्यातच बसली. इतकी जलद समिती त्या किनारपट्टीवर आजवर बसली नसेल. सोनटक्के अध्यक्ष, रीमाताई सदस्य, हेमांगी सचिव. तिघांनीही सहा भाग तोंडी ऐकले असल्याने तिघेही पात्र ठरले. सातवा भाग तपासणीसाठी उघडण्याचा ठराव हेमांगीने उभ्या उभ्या लिहिला. सोनटक्क्यांनी बटणावर बोट ठेवलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"नर्मदा," ते हळूच म्हणाले, "समितीच्या बैठकीला अल्पवयीनाला बसता येत नाही."

नर्मदाबाई बाहेर जाऊन बाकावर बसल्या. हात पुन्हा मांडीखाली गेले. दार बंद झालं. आतून गोष्ट सांगणाऱ्या बाईचा आवाज सुरू झालेला ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. इतके दिवस त्यांनी ज्या दारासाठी सगळं सोसलं ते आता उघडलं होतं, फक्त त्याच्या अलीकडे आणखी एक दार लागलं होतं.

घटकाही झाली नसेल. दार करकरलं आणि हेमांगी डोकं बाहेर काढून म्हणाली, "आजी, ही दिवा घेऊन आलेली म्हातारी कोण? साहेब म्हणतात ती आत्या, मी म्हणते ती दाई."

"दाई," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि हेमांगीला बाजूला सारून आत गेल्या. "पहिल्या भागात होती ती. सरका. आणि परत पहिल्यापासून लावा, मी नव्हते."

कुणी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला मध्येच थांबावं लागलं असतं.

चौघांनी शेवटपर्यंत ऐकलं. संपलं तेव्हा रीमाताईंच्या काजळाची वाट लागली होती. सोनटक्क्यांनी शेवटचा तुकडा तपासणीच्या दृष्टीने पुन्हा लावायला सांगितला, मग आणखी एकदा. नर्मदाबाईंच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्या कितीतरी दिवसांनी पाठ टेकून बसल्या होत्या. "बरं केलं पोरीने," एवढंच म्हणाल्या.

मग समितीने आपला अभिप्राय एकमताने नोंदवला. प्रस्तुत भाग अत्यंत उत्कृष्ट आहे, सबब किशोरांना ऐकू देऊ नये.

"का म्हणून?" नर्मदाबाईंनी विचारलं.

"मुलांच्या मनावर परिणाम होईल," नाक पुसत सोनटक्के म्हणाले. "आपलं वेगळं. आपण मोठी माणसं. आपण कितीही चांगलं ऐकलं तरी आपल्यावर काही परिणाम होत नाही."

आणि बंदी आलेला भाग फक्त प्रौढांनीच ऐकलेला असल्यामुळे, तो ज्यांनी ऐकला त्या नर्मदाबाईही त्या दुपारपासून प्रौढ ठरल्या. कार्ड जमा झालं. मावा केक खाऊन त्या सत्तरीच्या होऊन घरी आल्या आणि त्यांनी आधी मांडव धुवायला काढला.

बंदीची बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या मोबाइलवर पोचली. आणि मग खरी लाट आली. कव्हरांतली, दप्तरांतली, हलणाऱ्या टेबलांच्या पायांखाली घातलेली कार्डं पोरांनी शोधून काढली. सातवा भाग मिळत नाही म्हटल्यावर पहिल्यापासून ऐकायला सुरुवात केली. विरारच्या इमारतींच्या गच्च्यांवर पोरं घोळक्याने बसू लागली. अनुष्काला जेवायला हाक मारली तर ती हात वर करून थांबवायची. सोनटक्क्यांना मंडळाच्या अध्यक्षांच्या हस्ते मानाची ढाल मिळाली.

मोठ्यांनाही चैन पडेना. बंदी घालण्यासारखं त्यात आहे तरी काय, म्हणून माणसं मांडवापाशी येऊ लागली. पतपेढीतले लोक आले, देवळातले आले, चर्चच्या गायनमंडळातले ॲन्सेल्म मास्तर आले. रमेशही त्यांच्यात मागे उभा होता.

"आई, शेवटी झालं काय?" त्याने विचारलं.

नर्मदाबाई नव्या केळ्यांच्या साली काढत होत्या. "इतके दिवस याच मांडवावर मोठ्याने चाललं होतं. तेव्हा पोरखेळ होता. आता बंदी आली म्हणून कान टवकारलेत." त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. "सांगीन. पण बंदी उठल्यावर. आज नाही."

आता मंडळाच्या अध्यक्षांना ही लाट फारच आवडली. मुलांना बक्षीस म्हणून त्यांनी पुढच्याच महिन्यात बंदी उठवली. वयाची अट काढली, पालकांची सही काढली, सातवा भाग सगळ्यांना कायमचा मोफत करून टाकला.

त्या दिवशी नर्मदाबाईंनी मांडव झाडून घेतला, ॲंजेलाकडून चार स्टुलं मागून आणली आणि चहाचं आधण चढवून ठेवलं. संध्याकाळ झाली. सुकेळी आत घ्यायची वेळ झाली. कुणी आलं नाही. अनुष्काने कार्ड परत कव्हरात घातलं होतं.

तेव्हापासून तो सातवा भाग मोबाइलवर फुकट पडून आहे. शेवटी काय झालं हे विचारायला दुसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही, ही गोष्ट वाचणारे तुम्हीसुद्धा नाही.